लेओनार्ड ऑयलर

लेओनार्ड ऑयलर (जन्म : बाझेल, स्वित्झर्लंड, १५ एप्रिल १७०७; मृत्यू : सेंट पीटर्सबर्ग, रशिया, १८ सप्टेंबर १७८३) हे अठराव्या शतकातील थोर स्विस गणितज्ञ, भौतिकीविज्ञ व खगोलविद होत. गणिताच्या त्या काळी ज्ञात असलेल्या जवळजवळ प्रत्येक शाखेत त्यांनी लेखन केले. गुस्ताव एनेस्ट्रोम यांनी पुढे तयार केलेल्या सूचीत त्यांच्या ग्रंथांच्या व निबंधांच्या ८६६ नोंदी आहेत. आपल्याकडील अनेक पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव यूलर असे छापलेले आढळते; जर्मन उच्चाराप्रमाणे ऑयलर हे रूप अधिक बरोबर आहे.

ऑयलर यांच्या शेकडो निष्कर्षांपैकी एक त्यांच्या हयातीत फारसा कोणाच्या उपयोगी पडला नाही. सडपातळ वस्तू दोन्ही टोकांकडून दाबली असता ती चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला बाकते, आणि हे किती भाराला घडेल ते आधीच गणिताने काढता येते, हा तो निष्कर्ष. या घटनेला मराठीत बाकणे किंवा बाक येणे म्हणता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत मात्र बकलिंग हाच शब्द रूढ आहे. आज कार्बन तंतूंच्या थरांनी बनलेल्या विमानाच्या पंखात एखादा थर आतून सुटला, तर तो कोणत्या भाराला फुगून बाहेर येईल याचा हिशेब याच निष्कर्षापासून सुरू होतो. प्रस्तुत लेखात ऑयलर यांच्या चरित्राबरोबर या एका धाग्याचा मागोवा विस्ताराने घेतला असून त्यांच्या शुद्ध गणितातील कार्याचा उल्लेख ओझरता आहे.

बालपण व शिक्षण

ऑयलर यांचे वडील पाउल हे प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. आई मार्गारेटा या ब्रुकर घराण्यातील. लेओनार्ड अगदी लहान असतानाच हे कुटुंब बाझेलजवळच्या रीएन या गावी राहावयास गेले. वडिलांनी विद्यार्थिदशेत याकोब बेर्नुली या विख्यात गणितज्ञांची व्याख्याने ऐकली होती. मुलाला गणिताचे पहिले धडे घरीच मिळाले ते या पूर्वसंचितामुळे. पुढे लॅटिन शाळेसाठी त्यांना बाझेलला आजीकडे ठेवण्यात आले. त्या शाळेत गणित शिकवले जात नसे.

१७२० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ऑयलर बाझेल विद्यापीठात दाखल झाले. तेथे याकोब यांचे धाकटे बंधू योहान बेर्नुली गणिताचे प्राध्यापक होते. योहान हे स्वभावाने तापट. त्यांनी या मुलाला स्वतंत्र शिकवणी देण्यास नकार दिला, पण अवघड पुस्तके स्वतः वाचून अडलेले प्रश्न घेऊन शनिवारी दुपारी येण्याची मुभा दिली. एकाही प्रश्नाने गुरूंचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आठवडाभर स्वतःच डोके चालवायचे, अशी शिस्त त्यातून ऑयलर यांना लागली. शिकवण्याची ही रीत आजच्या शिक्षकांनीही विचारात घ्यावी अशी आहे. वडिलांची इच्छा मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी होती. योहान यांनी मध्यस्थी केली आणि ती बाजूला पडली.

१७२७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जहाजावरील डोलकाठ्यांची उत्तम मांडणी कोणती, या विषयावर पारितोषिक जाहीर केले होते. समुद्र कधीही न पाहिलेल्या, डोंगराळ देशातल्या या तरुणाने त्यावर निबंध पाठवला. पारितोषिक प्येर बूगेर यांना मिळाले, तरी ऑयलर यांच्या निबंधाची प्रशंसेने नोंद घेण्यात आली. त्याच वर्षी बाझेल येथील भौतिकीच्या प्राध्यापकपदासाठी त्यांनी केलेला अर्ज मात्र फेटाळला गेला. ही जागा मिळाली असती तर ते कदाचित जन्मभर बाझेलमध्येच राहिले असते. प्रत्यक्षात १७२७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी गाव सोडले, आणि ते पुन्हा तेथे परतले नाहीत.

सेंट पीटर्सबर्ग

योहान यांचे पुत्र डॅनियल बेर्नुली हे रशियात नव्याने स्थापन झालेल्या विज्ञान अकादमीत होते. त्यांच्या शिफारशीने ऑयलर यांना तेथे जागा मिळाली. जागा शरीरक्रियाशास्त्राची होती, त्यामुळे त्यांनी घाईघाईने वैद्यकाचाही थोडा अभ्यास करून घेतला. मे १७२७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला पोहोचले, त्याच सुमारास सम्राज्ञी पहिल्या कॅथरिन यांचे निधन झाले आणि परदेशी विद्वानांच्या या संस्थेचे भवितव्य धूसर झाले. काही काळ ऑयलर यांनी रशियन नौदलात वैद्यकीय विभागात काम केले. १७३१ मध्ये ते भौतिकीचे प्राध्यापक झाले आणि १७३३ मध्ये डॅनियल बाझेलला परतल्यावर गणिताचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

जानेवारी १७३४ मध्ये त्यांचा विवाह चित्रकार गेओर्ग ग्झेल यांची कन्या काटारिना यांच्याशी झाला. त्यांना तेरा अपत्ये झाली. त्यांपैकी पाचच बालपण ओलांडू शकली. मुलाला मांडीवर घेऊन, इतर मुले भोवती खेळत असताना ऑयलर गणित मांडीत, असे वर्णन त्यांच्या चरित्रकारांनी केले आहे. याच काळात त्यांनी पूर्णांकांच्या वर्गांच्या व्यस्तांची बेरीज पायच्या वर्गाच्या सहाव्या हिश्श्याएवढी होते हे दाखवले आणि क्यॉनिग्झबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले. १७३८ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. नकाशांच्या बारीक कामामुळे हे झाले असे त्यांचे स्वतःचे मत होते. आदल्या काही वर्षांतील गंभीर तापाचा तो परिणाम असावा, असे इतरांना वाटते.

बर्लिन आणि १७४४ चे परिशिष्ट

रशियातील राजकीय अस्थैर्याला कंटाळून १७४१ मध्ये ऑयलर प्रशियाचे राजे दुसरे फ्रेडरिक यांच्या निमंत्रणावरून बर्लिनला आले आणि पंचवीस वर्षे तेथे राहिले. त्यांच्या लेखनाचा वेग येथे आणखी वाढला. त्यांचे अनंत राशींच्या विश्लेषणाच्या प्रस्तावनेवरील दोन खंड १७४८ मध्ये व अवकलनावरील ग्रंथ १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुस्तक १७४४ चे आहे. लोझान व जिनीव्हा येथून निघालेल्या या लॅटिन ग्रंथात, एखादी राशी कमाल किंवा किमान व्हावी यासाठी वक्ररेषा कशी असावी हे शोधण्याची सर्वसाधारण पद्धत दिली आहे. ग्रंथाच्या शेवटी दोन परिशिष्टे आहेत. पहिले स्थितिस्थापक वक्रांविषयी आहे.

वाकवलेल्या लवचीक पट्टीचा आकार कोणता, हा प्रश्न याकोब बेर्नुली यांनी पूर्वीच हाताळला होता. १७४२ मध्ये डॅनियल यांनी ऑयलर यांना पत्राने एक सूचना केली : वाकलेल्या पट्टीत जी ऊर्जा साठते ती किमान असावी असे गृहीत धरावे, म्हणजे पट्टीचा आकार तुमच्या नव्या पद्धतीने निघेल. ऑयलर यांनी ती सूचना उचलली आणि पट्टी जे जे आकार घेऊ शकते त्यांचे नऊ प्रकार पाडले. पहिला प्रकार दिसायला सर्वांत साधा, जवळजवळ सरळच रेषा, किंचित तरंगासारखी वाकलेली. ऑयलर यांच्या लक्षात आले की असा किंचितसा बाकही आणण्यासाठी एक ठराविक, शून्याहून मोठा भार लागतो. भार त्यापेक्षा कमी असेल तर पट्टी सरळच राहते. त्या भारापाशी पोहोचताच सरळ राहणे हा एकमेव पर्याय उरत नाही, आणि थोडाही धक्का पट्टीला बाजूला नेतो. या मर्यादेला आज क्रांतिक भार किंवा ऑयलर भार म्हणतात.

पोलादी फूटपट्टी उभी धरून वरून तळहाताने दाबून पाहिली, तर हा अनुभव घरबसल्या घेता येतो. काही काळ पट्टी जणू दगडासारखी ताठ उभी राहते. मग अकस्मात, कोणतीही पूर्वसूचना न देता, बाजूला फुगते. हात काढला की ती पुन्हा सरळ होते, कारण ती मोडलेली नसतेच.

आजच्या भाषेत सांगायचे तर क्रांतिक भार हा पदार्थाची ताठरता व छेदाचा आकार यांच्या समप्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी दुप्पट केली की पट्टी एक चतुर्थांश भारालाच बाकते. जाडी निम्मी केली तर आठव्या हिश्श्याच्या भाराला. लांबीच्या वर्गाचा हा नियम नेदरलंड्समधील पेट्रुस फान मुशेनब्रूक यांनी १७२९ मध्ये लाकडी दांड्यांवरील प्रयोगांतून मांडलाच होता. ऑयलर यांनी तो का घडतो ते दाखवले. या सूत्रात पदार्थाच्या मजबुतीला स्थान नाही, ही त्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. साधे पोलाद आणि त्याच्या दुप्पट मजबूत असे महागडे पोलाद यांची ताठरता जवळपास सारखीच असते. म्हणून दोघांची सारख्या मापाची सडपातळ दांडी जवळपास एकाच भाराला बाकते.

१७५७ मध्ये ऑयलर यांनी बर्लिन अकादमीपुढे स्तंभांच्या बळाविषयी स्वतंत्र निबंध सादर केला व तेच सूत्र अधिक सोप्या रीतीने काढून दाखवले. व्यवहारातल्या बांधकामाशी त्यांचा आलेला संबंध मात्र सुखाचा नव्हता. फ्रेडरिक यांच्या सांसुसी येथील उद्यानात कारंजी उडवण्याची योजना फसली आणि राजाने त्याचे खापर गणितावर फोडले. वस्तुतः नळांच्या भिंती दाबाला पुरेशा जाड हव्यात व त्यासाठी आधी प्रयोग करावेत, असा इशारा ऑयलर यांनी दिला होता. तो मानला गेला नाही. राजाला फ्रेंच वळणाचे चटपटीत विद्वान आवडत, आणि साध्या राहणीच्या, श्रद्धाळू, एका डोळ्याच्या या गणितज्ञाची तो खाजगीत टवाळी करी. मोपेर्त्वी यांच्या मृत्यूनंतर अकादमीचा कारभार प्रत्यक्षात ऑयलर पाहत होते, तरी अध्यक्षपद त्यांना दिले गेले नाही. ते दालांबेर यांना देऊ करण्यात आले. त्यांनी ते नाकारले.

सप्तवार्षिक युद्धात, १७६० मध्ये, रशियन सैन्याने शार्लोटेनबुर्ग येथील ऑयलर यांची शेतवाडी लुटली. ती कोणाची आहे हे कळल्यावर रशियाकडून त्यांना भरपाई मिळाली. ज्या राजाची त्यांनी पंचवीस वर्षे सेवा केली त्याच्यापेक्षा शत्रुपक्षाने त्यांची बूज अधिक राखली, असे येथे म्हणावे लागते.

अंधत्व आणि अखेरची वर्षे

१७६६ मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिन यांच्या निमंत्रणावरून ऑयलर सहकुटुंब सेंट पीटर्सबर्गला परतले. लवकरच डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. १७७१ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. शहरात लागलेल्या मोठ्या आगीत त्यांचे घर जळाले. बाझेलहून आलेल्या पीटर ग्रिम नावाच्या कारागिराने या जवळजवळ आंधळ्या वृद्धाला खांद्यावर घेऊन बाहेर काढले. हस्तलिखितांपैकी बरीचशी वाचली. त्याच वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दिसूही लागले. पण पुढे डोळ्यात दोष निर्माण होऊन उरलीसुरली दृष्टीही गेली. १७७३ मध्ये पत्नी निवर्तल्या. १७७६ मध्ये त्यांनी काटारिना यांच्या सावत्र बहिणीशी, सालोमे आबिगाईल यांच्याशी विवाह केला.

दृष्टी गेल्यावर लेखन थांबले नाही. पुत्र योहान आल्ब्रेख्ट, तसेच लेक्सेल, क्राफ्ट व निकोलाउस फुस हे सहकारी लिहून घेत आणि ऑयलर तोंडी सांगत. त्यांच्या एकूण लेखनापैकी सुमारे निम्मे या दुसऱ्या रशियन कालखंडातील आहे. बीजगणितावरील त्यांचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक त्यांनी एका शिंपीकाम शिकलेल्या तरुण नोकराला सांगून लिहवले. सांगितलेले लिहिता लिहिता तो तरुणच बीजगणित शिकला, ही त्या पुस्तकाच्या सुबोधतेची पावती होय.

स्तंभांचा विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता. १७७८ मध्ये त्यांनी यावर लागोपाठ तीन निबंध सादर केले. माथ्यावर काहीच भार नाही, पण स्तंभ इतका उंच आहे की स्वतःच्या वजनानेच बाकेल, असे घडू शकते का, असा प्रश्न त्यांनी घेतला. पहिल्या हिशेबात विचित्र उत्तर आले : असा स्तंभ कितीही उंच असला तरी बाकणारच नाही. ऑयलर यांनी हे उत्तर झाकून ठेवले नाही. दुसऱ्या निबंधाचा विषयच त्यांनी हा विरोधाभास ठेवला, आणि तिसऱ्यात स्वतःच्या वजनाने कोलमडणाऱ्या स्तंभाची उंची काढली. सत्तरी ओलांडलेला, दृष्टी गमावलेला माणूस अनंत श्रेणींचे आकडे मनात धरून स्वतःचीच चूक शोधत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या तीन निबंधांचे मोल कळते. झाड किती उंच वाढू शकते या प्रश्नाला जोडून हाच हिशेब इंग्लंडमध्ये ग्रीनहिल यांनी १८८१ मध्ये पूर्णत्वास नेला.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर यांनी नातवाला गणित शिकवले, लेक्सेल यांच्याशी नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी चर्चा केली, आणि सायंकाळी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. वासिल्येव्स्की बेटावरील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. १९५६ मध्ये त्यांचे अवशेष अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या आवारात हलवण्यात आले. अकादमीकडे साचलेले त्यांचे अप्रकाशित लेखन पुढे जवळजवळ पन्नास वर्षे छापले जात होते. त्यांच्या समग्र साहित्याचे प्रकाशन १९११ मध्ये सुरू झाले. स्विस १० फ्रँकच्या नोटेवरही काही काळ त्यांचे चित्र होते.

सूत्राची उपेक्षा व पुनरागमन

ऑयलर यांच्या काळी खांब दगडाचे किंवा जाड लाकडाचे असत. असे आखूड व रुंद खांब बाकण्याच्या आधीच चिरडतात किंवा फुटतात, त्यामुळे सूत्राने काढलेला भार व प्रयोगातला भार जुळेना. प्रयोग करणाऱ्यांनी दोष सूत्राला दिला. सूत्र चुकीचे नव्हते. त्याला हवी तशी सडपातळ वस्तू अजून बांधकामात आली नव्हती. ती आली एकोणिसाव्या शतकात, लोखंडी पुलांच्या रूपाने.

आणि मग चूक उलट दिशेने झाली. १४ जून १८९१ रोजी बाझेलपासून काही किलोमीटरवर, म्युन्शेनश्टाइन येथे, बिर्स नदीवरील रेल्वे पूल गाडीसह कोसळला. सत्तरहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पूल गुस्ताव आयफेल यांच्या कंपनीने १८७५ मध्ये बांधलेला होता. झुरिकचे प्राध्यापक लुडविग फॉन टेटमायर यांनी चौकशीत भाग घेतला व पुढे लोखंडाच्या दांड्यांवर विपुल प्रयोग केले. फार सडपातळ नसलेल्या दांड्यांच्या बाबतीत ऑयलर सूत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त भार दाखवते, म्हणजे खोटा दिलासा देते, हे त्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केले. ज्या गावात ऑयलर जन्मले त्याच्याच वेशीवर त्यांच्या सूत्राची मर्यादा इतक्या भीषण रीतीने स्पष्ट व्हावी, हा योगायोग चटका लावणारा आहे. एंगेसर यांनी १८८९ पासून आणि शॅनली यांनी १९४७ मध्ये या मधल्या पट्ट्याचा सिद्धांत मांडला.

विसाव्या शतकात विमाने आली, आणि त्यांच्याबरोबर कागदासारखे पातळ पत्रे. बाकण्याचा विचार आता खांबापुरता न राहता विमानाच्या संपूर्ण त्वचेला लागू झाला. आधुनिक वायुगतिकीचे जनक लुडविग प्रांटल यांचा १८९९ चा डॉक्टरेटचा प्रबंध उंच व अरुंद तुळई भाराखाली कडेला कशी कलंडते यावर होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे जन्मलेले विष्णू माधव घाटगे (१९०८–१९९१) यांनी ग्यॉटिंगेन येथे याच प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. १९५१ मध्ये बंगळूर येथे उडालेल्या एच.टी.-२ या भारतीय बनावटीच्या सर्वधातू प्रशिक्षण विमानाचे अभिकल्प त्यांच्या नेतृत्वाखाली झाले.

सुटलेल्या थरांचे बाकणे

धातूचा पत्रा एकसंध असतो. प्लायवुड, किंवा कार्बन तंतू व रेझीन यांचे स्तरित संमिश्र, तसे नसते. कोकणपट्टीत, वसई-जूचंद्रापासून खाली सावंतवाडीपर्यंत, पावसाळ्यात न्हाणीघराच्या प्लायवुडच्या दाराकडे पाहिले तर पृष्ठभागावर फुगवटे आलेले दिसतात. ओलाव्याने वरचा पापुद्रा फुगू पाहतो, चारही बाजूंनी तो चिकटलेला असल्याने त्याला पसरता येत नाही, म्हणून तो दाबाखाली येतो. मध्येच कोठे डिंक सुटलेला असेल तर तेवढा भाग ऑयलर यांच्या पट्टीसारखा बाहेर बाकतो. भाकरीचा पापुद्रा वाफेने फुगतो; येथे फुगवणारी वाफ नसते, कडेचा दाबच त्याला बाहेर ढकलतो. दुसऱ्या महायुद्धात लाकडी थरांच्या मॉस्किटो विमानांच्या पंखांचे सांधे भारतातील हवेत सुटू लागले आणि १९४४ मध्ये अपघातांनंतर ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. चौकशीत हवामानाइतकाच, किंबहुना अधिक, दोष डिंककामातील निष्काळजीपणाकडे गेला.

कार्बन तंतूंच्या संमिश्रात एकेक थर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा पातळ असतो. तंतूंच्या दिशेने तो पोलादाशी स्पर्धा करतो, पण दोन थरांना परस्परांशी धरून ठेवणारे फक्त रेझीन असते. दुरुस्ती करताना हातून निसटलेला पाना, धावपट्टीवरचा उडालेला खडा, गारा यांपैकी कशाचाही आघात झाला तर पृष्ठभागावर जेमतेम खूण उमटते आणि आत मात्र दोन थर तळहाताएवढ्या जागेत एकमेकांपासून अलग होऊ शकतात. यालाच डीलॅमिनेशन किंवा थर सुटणे म्हणतात. भाग ताणाखाली असेल तर अशा सुटलेल्या थराने फारसे बिघडत नाही, कारण ताणलेला थर सरळच राहतो. दाबाखाली परिस्थिती पालटते.

एक साधे उदाहरण घेऊ. सुटलेला थर ०.५ मिलिमीटर जाड आणि सुटलेल्या भागाची लांबी ५० मिलिमीटर आहे असे समजू. त्याच्या दोन्ही कडा अजून मूळ जाडीला घट्ट चिकटलेल्या असल्याने त्याचा क्रांतिक भार मोकळ्या टोकांच्या, म्हणजे बिजागरीसारख्या आधाराच्या पट्टीच्या चौपट धरावा लागतो. ही सवलत देऊनही हिशेब असा येतो की संपूर्ण भाग सुमारे ०.०३३ टक्के आखूड होताच सुटलेला थर बाहेर बाकतो. सुटलेली लांबी २५ मिलिमीटर असेल तर हीच मर्यादा चौपट होऊन ०.१३ टक्क्यांवर जाते. तंतू कितीही मजबूत घेतले तरी या आकड्यांत फरक पडत नाही. ठरते ते फक्त जाडीचे लांबीशी असलेले गुणोत्तर आणि त्याचा वर्ग. एकाच जातीच्या थरांच्या या साध्या प्रतिमानात ताठरताही हिशेबातून गळून जाते, कारण सुटलेला थर आणि त्याला दाबणारा मूळ भाग एकाच पदार्थाचे असतात.

थर बाकला म्हणजे पंख मोडला असे मात्र नाही. बाकलेला थर आपला भार सोडून देतो आणि उरलेली जाडी तो उचलते. खरा धोका पुढच्या पायरीवर असतो. बाकलेला थर आपल्या कडा उचलू लागतो, आणि लिफाफ्याचा चिकटवलेला काठ सोलावा तसा तो सांधा सोलला जाऊ शकतो. सोलण्याने सुटलेली लांबी वाढते, लांबी वाढली की क्रांतिक भार लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे आणखी बाक येतो. ही साखळी कधी आपोआप थांबते, कधी क्षणार्धात टोकापर्यंत धावते. सुटलेला थर फार पातळ नसेल तर तो एकटाच न बाकता सगळी जाडी त्याच्याबरोबर बाकते, आणि दोन्ही प्रकार एकत्र येणेही शक्य असते.

ती साखळी कोठे थांबेल हे ठरवण्यासाठी ऑयलर सूत्र एकटे पुरत नाही. १९८१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील चाय, बॅबकॉक व क्नाउस यांनी यासाठी एक प्रतिमान मांडले आणि ते या विषयातील पायाभूत लेखन मानले जाते. एका बाजूस बाकलेल्या थरातून मुक्त होऊ शकणारी ऊर्जा, दुसऱ्या बाजूस सांधा सोलण्यास लागणारी ऊर्जा. पहिली दुसरीपेक्षा कमी असेपर्यंत सुटलेला भाग वाढत नाही. तडा वाढण्यासंबंधीचा हा ताळेबंद ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेसाठी मांडला होता. वाकलेल्या पट्टीत साठलेली ऊर्जा मोजण्याची जी रीत यात वापरली आहे, ती मात्र डॅनियल बेर्नुली यांच्या पत्रातून १७४४ च्या परिशिष्टात आलेलीच आहे. म्हणजे या प्रश्नाचे दोन्ही भाग, थर बाकेल केव्हा आणि बाकल्यावर त्यात किती ऊर्जा असेल, ऑयलर यांच्या त्याच पानांपर्यंत मागे जातात.

आजच्या प्रवासी व लढाऊ विमानांत संमिश्रांचा वाटा मोठा आहे. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या भारतीय तेजस विमानाच्या पंखांत व त्वचेत कार्बन तंतूंचे संमिश्र आहे. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा आघात झालेला आहे असे गृहीत धरूनच अशा भागांची दाब सोसण्याची क्षमता प्रयोगाने तपासतात, आणि अभिकल्पात तेवढा दाब मर्यादित ठेवतात. संमिश्राची जाडी अनेकदा यामुळे वाढते. तंतूंची सगळी ताकद दाबाखाली वापरता येत नाही. सुटलेले थर शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीची उपकरणे वापरली जातात. त्याखेरीज दुरुस्तीच्या कारखान्यांत अजूनही एक जुनी रीत चालते : पृष्ठभागावर नाण्याने किंवा लहान हातोडीने टकटक करीत जायचे. थर एकसंध असेल तेथे आवाज खणखणीत येतो आणि सुटलेला असेल तेथे बद्द, जसा विकत घेताना वाजवून पाहिलेल्या तडकलेल्या माठाचा येतो.